सतराव्या शतकातील दोन संतकवयित्री : विवाह, विद्या आणि गुरुपद

मठाचा इतिहास म्हणजे गादीचा इतिहास, असा समज आपल्याकडे बहुधा रूढ आहे. मठ कोणी स्थापिला, गादीवर कोणामागून कोण आले, उत्सव केव्हापासून सुरू झाला आणि इनाम कोणत्या राजाने दिले, एवढे नमूद झाले की इतिहास पुरा झाला असे मानण्यात येते. परंतु मठ केवळ गादीने चालत नाही. ज्या घरांतून मठास शिधा जातो, ज्या माजघरांतून पोथीचे शब्द मुलाबाळांच्या कानी पडतात आणि ज्या बायका कथेच्या वेळी खांबाआड बसून सारे ऐकतात व ध्यानी ठेवतात, त्यांच्याही बळावर तो उभा असतो. या बायकांनी काय ऐकले याची नोंद कोणी ठेवली नाही. मात्र त्यांच्यापैकी काहींनी स्वतःच बोलून ठेविले, आणि ते बोल मठांनीच जतन केले. महाराष्ट्राच्या भाग्याने सतराव्या शतकातील अशा दोन स्त्रियांची वाणी आजही उपलब्ध आहे. एक तुकोबारायांच्या शिष्या बहिणाबाई आणि दुसऱ्या समर्थ रामदासांच्या शिष्या वेणाबाई.

एक सुवासिनी आणि एक बालविधवा. एक गृहस्थाश्रमात राहून परमार्थ करणारी आणि एक गृहाचा उंबरठा ओलांडून मठाचा भार वाहणारी. त्या काळी स्त्रीपुढे दैवाने जे दोन मार्ग ठेविले होते, ते दोन्ही या दोघींच्या चरित्रांत पाहावयास मिळतात. विवाह म्हणजे काय, स्त्रीस विद्येचा अधिकार आहे की नाही, आणि स्त्रीस गुरू करता येतो काय व तिला स्वतः गुरू होता येते काय, हे तीन प्रश्न या दोघींच्या आयुष्यात पुस्तकी नव्हते. ते त्यांच्या अंगावर आले होते, आणि त्यांची उत्तरे त्यांनी जगून दिली.

बहिणाबाईंचे आत्मनिवेदन

बहिणाबाईंचा जन्म शके १५५० मध्ये, म्हणजे इसवी सन १६२८ च्या सुमारास, वेरूळच्या परिसरातील देवगाव येथे झाला. पिता आऊजी हे गावचे कुलकर्णी. मातेचे नाव जानकी. घरात लिहिण्याचा व्यवसाय होता, पण कन्येस अक्षर शिकवावे असा त्या काळचा रिवाज नव्हता. त्यांचे लग्न अगदी कोवळ्या वयात झाले. वर बिजवर होता; वय तिशीच्या घरातले, विद्वान, ज्योतिष जाणणारा, वैदिक कर्मांचा अभिमान बाळगणारा आणि स्वभावाने तापट. पुढे घरावर आपत्ती आली आणि आईबाप, जावई व ही बालवधू अशी सारी मंडळी गाव सोडून निघाली. पंढरपूर, शिखर शिंगणापूर, रहिमतपूर असा प्रवास करीत हे कुटुंब कोल्हापुरास पोहोचले.

ही माहिती कोण्या चरित्रकाराने गोळा केलेली नाही. बहिणाबाईंनीच ती आपल्या अभंगांतून क्रमाने सांगितली आहे. जुन्या मराठीत संतांची चरित्रे पुष्कळ आहेत. नामदेवांपासून महिपतींपर्यंत ती परंपरा अखंड आहे. परंतु एका स्त्रीने स्वतःच्या बालपणापासूनची हकीकत, स्वतःच्या लग्नाची कथा आणि स्वतःच्या मनातील द्वंद्व सलग सांगावे, असे उदाहरण त्या काळच्या मराठीत दुसरे सापडणे कठीण. म्हणूनच त्यांच्या आत्मनिवेदनपर अभंगांस भक्तिवाङ्मयात जे मोल आहे, तेच इतिहासातही आहे.

कोल्हापुरास हे कुटुंब एका वेदपाठी ब्राह्मणाच्या घरी आश्रयास राहिले. तेथे जयरामस्वामींची हरिकथा होत असे. घरी मिळालेल्या कपिला गाईचे वासरू बहिणाबाईंच्या मागेमागे फिरे. त्या कथेस निघाल्या की तेही कथेस येई. लोकांना नवल वाटले, मुलीच्या नावाचा बोलबाला झाला, स्वामींनी तिच्या मस्तकावर हात ठेविला. ही वार्ता पतीच्या कानी गेली आणि त्यांचा क्रोध अनावर झाला. आपण वेदवेत्ते असताना लोकांनी आपल्या बायकोच्या दर्शनास यावे, हे त्यांस सोसले नाही. त्यांनी तिला बांधून मारले. पुढे वासरू गेले, आणि त्या दुःखाच्या भरात बहिणाबाईंस स्वप्नात तुकोबारायांचे दर्शन होऊन मंत्रोपदेश लाभला. त्यांनी तुकोबांस तोवर डोळ्यांनी पाहिलेही नव्हते. कथेत त्यांची पदे मात्र ऐकली होती.

येथेच खरा पेच उत्पन्न झाला. तुकोबा जातीने शूद्र गणले जात. ब्राह्मणाच्या बायकोने त्यांस गुरू मानणे हे पतीच्या दृष्टीने दुहेरी पाप होते. एक तर स्त्रीने पतीवाचून दुसरा गुरू करू नये, आणि करावयाचाच तर तो शूद्र कसा असावा? ते घर सोडून निघून जाण्यास सिद्ध झाले. त्या वेळी बहिणाबाईंच्या मनात जे विचार उठले ते त्यांनी लपविले नाहीत. पती गेला तर एकटीने देव घेऊन काय करावयाचे, पतीची सेवा हाच आपला धर्म, असे त्या म्हणतात. आणि त्याच वेळी ज्या पांडुरंगाने हृदयात घर केले त्यास टाकवत नाही, असेही म्हणतात. इतक्यात पती आजारी पडले. आपण संताची निंदा केली त्याचे हे फळ, असे त्यांस वाटू लागले, आणि त्या दुखण्यातून ते उठले ते पालटलेले. पुढे सारे कुटुंब देहूस गेले. तेथे मंबाजी गोसाव्याचा छळ सोसावा लागला, परंतु या वेळी पती पत्नीच्या बाजूस उभे होते. देहूच्या वास्तव्यात त्यांस काशी नावाची कन्या झाली. पुत्राचे नाव विठ्ठल. आयुष्याची उत्तरार्धाची वर्षे शिऊर येथे गेली, आणि तेथेच शके १६२२ मध्ये, म्हणजे इसवी सन १७०० मध्ये, आश्विन शुद्ध प्रतिपदेस त्यांनी देह ठेविला. अंतकाळी पुत्रास जवळ बोलावून त्यांनी आपल्या मागील बारा जन्मांची कथा त्यास सांगितली. वैजापूर तालुक्यातील शिऊर गावी त्यांची समाधी आहे.

पतिव्रताधर्म आणि स्त्रीदेहाची खंत

बहिणाबाईंच्या गाथेचे वाचन करणाऱ्यांत पूर्वीपासून दोन पक्ष पडलेले दिसतात. एक पक्ष त्यांचे पतिव्रताधर्मावरील अभंग तेवढे उचलतो. पतीची आज्ञा, घरातील कर्तव्य, सासरची मर्यादा यांवर त्यांनी जे लिहिले ते लग्नाच्या मुलींस सांगितले जाते, आणि ज्या अंगणात त्यांस बांधून मारले गेले त्या अंगणाची गोष्ट गाळली जाते किंवा ती ईश्वरी लीला म्हणून झाकली जाते. दुसरा पक्ष अलीकडचा आहे. त्यास छळाचे अभंग दिसतात, आणि इतके सोसूनही ही बाई पतिसेवेचे गुणगान करते याची त्यास चीड येते. पहिल्या पक्षास त्यांची व्यथा नको आहे आणि दुसऱ्यास त्यांची निष्ठा. परंतु बहिणाबाईंनी दोन्ही गोष्टी एकाच गाथेत ठेविल्या. ज्या हाताने पतिव्रतेची लक्षणे सांगितली त्याच हाताने मारहाणही नमूद केली. म्हणून गाथेचे अर्धे पान झाकून वाचणे हा त्यांच्यावर अन्यायच होय.

त्यांच्या काळाचा विचार केला म्हणजे या दुहेरीपणाचा अर्थ उलगडतो. वेद स्त्रीस ऐकू द्यावयाचे नाहीत, प्रणव उच्चारू द्यावयाचा नाही, शास्त्रांनी तिला परमार्थातील विघ्न ठरवावे. मग स्त्रीदेहाने जन्मलेल्या जीवाने सत्य गाठावे तरी कसे, अशी खंत त्यांनी स्वच्छ शब्दांत बोलून दाखविली आहे. ही तक्रार पतीविरुद्ध नाही, दैवाविरुद्धही नाही. ज्ञानाचे दार ज्या व्यवस्थेने बंद ठेविले, तिच्यापुढे मांडलेला तो प्रश्न आहे. त्याचे उत्तर त्यांना संतांच्या मार्गात मिळाले. नामास अधिकार लागत नाही, जात लागत नाही, लिंगभेद लागत नाही. देहाने प्रपंच चालवावा आणि मनाने हरीस धरावे, अशी तडजोड त्यांनी केली. ती तडजोड भित्रेपणाची नव्हती, कारण तिच्यात एक गोष्ट त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही. ती म्हणजे गुरू. पतीने मारले, समाजाने निंदिले, तरी तुकोबांचे गुरुत्व त्यांनी नाकारले नाही. शेवटी बदलले ते पती, पत्नी नव्हे.

पुढे वज्रसूची या संस्कृत ग्रंथातील विचार त्यांनी मराठी अभंगांत आणला. ब्राह्मण कोणास म्हणावे, ब्राह्मणत्व देहात आहे, जन्मात आहे, कर्मात आहे की ज्ञानात, असा त्या ग्रंथाचा प्रश्न आहे आणि ब्रह्म जाणणारा तोच ब्राह्मण असा त्याचा निवाडा आहे. संस्कृत पाठशाळेचे दार ज्यांना बंद होते त्या स्त्रीने हा वाद मराठीत आणावा, ही लहान गोष्ट नव्हे. कोल्हापुरास पतीने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तरही त्यात आहे. शूद्र गणला गेलेला पुरुष ब्राह्मणस्त्रीचा गुरू कसा होऊ शकतो, याचे शास्त्रोक्त समाधान बहिणाबाईंनी अशा रीतीने गाथेतच करून ठेविले.

वेणाबाई : विधवेने गायिलेले स्वयंवर

वेणाबाईंची कथा वेगळ्या दिशेने जाते. त्या मूळच्या कोल्हापूरच्या. सासर मिरजेचे, देशपांड्यांच्या घरचे. लग्नानंतर अल्पकाळातच वैधव्य आले. त्या काळच्या बालविधवेस घरातील कष्ट, व्रते आणि मौन यांवाचून दुसरे काही उरत नसे. परंतु वेणाबाईंस वाचता येत होते. संप्रदायात अशी कथा सांगतात की, समर्थ भिक्षेस आले असता त्या तुळशीवृंदावनापाशी एकनाथी भागवत वाचीत बसल्या होत्या. समर्थांनी विचारले की वाचतेस ते कळते काय? तेव्हा त्यांनी मनातील शंका त्यांच्यापुढे मांडल्या. ही कथा सांगताना भाविकांचे लक्ष समर्थांच्या उत्तरांकडे जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु इतिहासाच्या दृष्टीने प्रश्नांचेही मोल तेवढेच आहे. ज्या वयात आणि ज्या स्थितीत विधवेने मान वर करू नये असा दंडक होता, त्या वयात एका मुलीने एकनाथी भागवतावर प्रश्न विचारले. समर्थांनी तिला गप्प बसविले नाही.

पुढे त्यांचे कथेस जाणे लोकांच्या डोळ्यांवर आले. लोकनिंदेला भिऊन घरच्यांनीच त्यांस विष दिले आणि समर्थकृपेने त्या वाचल्या, असे संप्रदायाची परंपरा सांगते. या कथेचा चमत्काराचा भाग ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे घ्यावा. पण तिच्यात जो भयंकर लौकिक अर्थ आहे, तो दृष्टीआड करता येत नाही. विधवेच्या विद्येची आणि तिच्या बाहेर पडण्याची घराण्याला इतकी धास्ती वाटे की तिच्या जिवावरही उठावे. ही गोष्ट असंभाव्य नाही, हे सांगणाऱ्यांना आणि ऐकणाऱ्यांना दोघांनाही ठाऊक होते. त्यानंतर वेणाबाई समर्थांच्या संगतीत राहिल्या, आणि समर्थांनी त्यांस मिरजेच्या मठाचा अधिकार दिला. उभे राहून कीर्तन करण्याची मुभाही त्यांस होती. ज्या गावात त्या वैधव्याने कोपऱ्यात बसल्या, त्याच गावात त्या मठाधिपती म्हणून परतल्या. संप्रदायात त्यांस ‘वेणास्वामी’ म्हणतात आणि मिरजेचा मठही त्याच नावाने ओळखला जातो. ‘स्वामी’ हे पद व्याकरणाने पुल्लिंगी, पण मठाने ते एका स्त्रीस अर्पण केले.

वेणाबाईंच्या रचनांत ‘सीतास्वयंवर’ हे ओवीबद्ध काव्य विशेष प्रसिद्ध आहे. स्वयंवराचे काव्य ही मराठीतील जुनी वाट आहे. तेराव्या शतकात महानुभाव पंथाच्या महदंबेने रुक्मिणीच्या विवाहाचे धवळे गायिले, आणि शके १४९३ मध्ये एकनाथांनी काशीत ‘रुक्मिणीस्वयंवर’ पूर्ण केले. चांगला वर मिळावा म्हणून उपवर मुलींनी त्या ग्रंथाची पारायणे करण्याची चाल घरोघर होती. वेणाबाईंनी सीतेचा विवाह निवडला, आणि मिथिलेच्या त्या सोहळ्यात मराठी घरच्या लग्नाचे विधी, मानपान आणि लगबग आणली.

या ग्रंथामागील स्थिती लक्षात घेतली म्हणजे मन स्तब्ध होते. विधवेची सावलीही मंगलकार्यावर पडू नये असे मानणारा तो काळ. हळदीच्या वेळी तिने पुढे यावयाचे नाही, अक्षता टाकावयाच्या नाहीत, वधूची ओटी भरावयाची नाही. अशा स्त्रीने जगन्मातेच्या लग्नाचा मांडव शब्दांत उभारला, आणि पुढे सुवासिनींनी तो ग्रंथ भक्तीने वाचला. वेणाबाईंनी त्या रूढीविरुद्ध वाद घातला नाही. त्यांनी रचना केली, आणि जे मंगल त्यांस देहाने वर्ज्य होते त्याच्या वर्णनाचा अधिकार मिळविला. शके १६०० मध्ये, म्हणजे इसवी सन १६७८ मध्ये, चैत्र वद्य चतुर्दशीस सज्जनगडावर त्यांचे देहावसान झाले. गडावरील त्यांच्या वृंदावनाचे दर्शन आजही भाविक घेतात.

वेणाबाई एकट्या नव्हत्या. समर्थांच्या शिष्यपरिवारात अक्काबाईंचे स्थानही तितकेच थोर आहे. शके १६०३ मध्ये समर्थांचे निर्याण झाल्यावर चाफळ व सज्जनगड येथील व्यवस्थेचा मोठा भार त्यांनी वाहिला, आणि मोगलांनी सज्जनगड घेतला त्या धामधुमीत मूर्तींचे रक्षण केले, असे परंपरा सांगते. तसेच ‘समर्थप्रताप’ या ग्रंथाचे कर्ते गिरिधरस्वामी यांची गुरुपरंपरा पाहावी. समर्थांच्या शिष्या वेणाबाई, वेणाबाईंच्या शिष्या बाईयाबाई आणि बाईयाबाईंचे शिष्य गिरिधर, असा तो क्रम आहे. म्हणजे लागोपाठ दोन पिढ्या गुरुपद स्त्रियांकडे होते आणि त्यांच्या पायाशी बसून एका पुरुषाने विद्या घेतली. स्त्रीस गुरू होता येते काय, या प्रश्नाचे उत्तर मराठी मठपरंपरेने वादाने नव्हे तर आचरणाने कधीच देऊन टाकले आहे.

त्याच काळातील दूरदेश

हेच प्रश्न त्याच शतकात इतर देशांतील स्त्रियांच्याही पुढे उभे होते, हे पाहिले म्हणजे आपल्या संतकवयित्रींचे मोठेपण अधिक उमजते. हॉलंडात आना मारिया फान शुर्मान या विदुषीने स्त्रियांस विद्याभ्यासाचा अधिकार असावा असा लॅटिन भाषेत निबंध लिहिला. ज्या १६७८ साली वेणाबाईंनी सज्जनगडावर देह ठेविला, त्याच साली ही बाईही निवर्तली. मेक्सिको देशात हुआना इनेस दे ला क्रूझ हिने विवाह नको, ग्रंथ हवेत म्हणून मठवास पत्करला, आणि धर्माधिकाऱ्यांनी तिच्या अभ्यासास आक्षेप घेतला तेव्हा १६९१ साली स्त्रीच्या विद्याधिकाराचे समर्थन करणारे दीर्घ पत्र लिहिले. इंग्लंडात मेरी अ‍ॅस्टेल हिने १६९४ साली स्त्रियांसाठी विद्यापीठासारखा आश्रम असावा अशी योजना मांडली, आणि १७०० साली विवाहसंस्थेवर परखड विचार प्रसिद्ध केले. तेच वर्ष बहिणाबाईंच्या देहत्यागाचे होय.

या स्त्रियांस एकमेकींचे नावही ठाऊक नव्हते. कोणी कोणापासून काही घेतले नाही. तरी सर्वत्र एक गोष्ट समान दिसते. ज्ञानाची तहान लागलेल्या स्त्रीस त्या काळी आधार मिळाला तो बहुधा धर्माच्याच छायेत. आणि तिला अटकाव झाला तोही पुष्कळदा धर्माच्याच नावाने. भेद आहे तो मार्गाचा. युरोपातील विदुषी ग्रंथ लिहून छापीत आणि पंडितांशी वाद करीत. आपल्याकडे छापखाना नव्हता, स्त्रियांची शाळा नव्हती. येथे शाळेचे काम केले ते कथाकीर्तनाने. ज्या बाईस अक्षर येत नव्हते तिलाही कीर्तनात नाथांचे भागवत, ज्ञानदेवांचा विचार आणि तुकोबांची पदे मराठीत ऐकता येत. बहिणाबाई त्याच शाळेत शिकल्या. जेथे वेदपठणाचा आवाज येऊ द्यावयाचा नाही अशी आज्ञा होती, तेथे टाळमृदंगाचा आवाज भिंती ओलांडून गेला.

होळकरांच्या भूमीत

या दोघींनंतर शंभर वर्षांच्या आत मराठ्यांचा विस्तार नर्मदेपलीकडे झाला आणि इंदूर व महेश्वर या स्थानांस मराठी भाषेचा व मराठी भक्तीचा सहवास घडला. त्या काळाची साक्ष म्हणजे पुण्यश्लोक अहिल्याबाई. त्यांचा जन्म १७२५ साली चौंडी येथे झाला. मुलींस अक्षरओळख करून देण्याची चाल नसताना त्यांना लिहितावाचता येत होते. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव पडले. अहिल्याबाई सती जाण्यास निघाल्या असता सासरे मल्हारराव यांनी त्यांस परावृत्त केले. मल्हारराव १७६६ साली गेले, पुत्र मालेराव १७६७ साली गेले, आणि तेव्हापासून १७९५ पर्यंत या विधवेने राज्य चालविले. सर जॉन माल्कम यांनी १८२३ साली प्रसिद्ध केलेल्या मध्य हिंदुस्थानच्या वृत्तान्तात त्यांची दिनचर्या दिली आहे. पहाटे उठून पूजा, मग ठराविक वेळ पुराणश्रवण, दानधर्म, भोजन, आणि त्यानंतर दरबारचे काम. म्हणजे वेणाबाईंचा तुळशीकट्ट्यापाशी जो भागवतपाठ होता, त्याच प्रकारच्या श्रवणावर या राणीच्या दिवसाची उभारणी झाली होती.

माल्कम यांनी आणखीही दोन गोष्टी सांगितल्या आहेत. सिरोंज येथील एका निपुत्रिक सावकाराच्या मरणानंतर त्याच्या विधवेकडून अंमलदाराने मोठी रक्कम मागितली. ती बाई महेश्वरास येऊन दाद मागू लागली, तेव्हा अहिल्याबाईंनी त्या अंमलदारास दूर केले आणि तिचे दत्तक विधान मान्य केले. दुसरी गोष्ट एका ब्राह्मणाने रचलेल्या स्तुतिपर ग्रंथाची. अहिल्याबाईंनी तो ऐकून घेतला, आपण इतक्या स्तुतीस पात्र नाही असे म्हणाल्या आणि तो ग्रंथ नर्मदेत टाकावयास सांगितला. स्वतःच्या स्तुतीची पोथी नदीस देणाऱ्या या स्त्रीने दुसऱ्या विधवेचा हक्क मात्र पाण्यात जाऊ दिला नाही.

तथापि इतिहासाने येथेही अर्धे पान झाकू नये. १७९१ साली जावई यशवंतराव फणसे मृत्यू पावले आणि कन्या मुक्ताबाई सती निघाली. मातेने विनवण्या केल्या, पण कन्येने मानिले नाही. आपला पती गेला, मूल गेले, पुढे आईही जाईल, मग जगून काय करावयाचे, असा तिचा उत्तराचा आशय माल्कम देतात. जी स्त्री स्वतः चितेपासून परत फिरली आणि जिने सदतीस वर्षे त्या जगण्याचे सार्थक केले, तिला आपल्या मुलीस परत फिरविता आले नाही. राज्याचा अधिकार हाती असूनही रूढीपुढे मातेचे काही चालले नाही. बहिणाबाईंनी ज्या व्यवस्थेपुढे प्रश्न मांडला होता, ती अजून किती बळकट होती हे त्या दिवशी नर्मदातीरी दिसून आले.

पोथीपासून छापील ग्रंथापर्यंत

या स्त्रियांची वाणी आज हाती आहे, याचे श्रेय मठांस आणि घराण्यांस दिले पाहिजे. बहिणाबाईंचे अभंग शिऊरच्या हस्तलिखितांत राहिले आणि १९१३ साली उमरखाने यांनी त्यांची गाथा छापली. त्यावरून जस्टिन अ‍ॅबट यांनी १९२९ साली इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले आणि एका देवगावच्या मुलीची लग्नकथा परदेशातील वाचकांस कळली. रामदासी वाङ्मयासाठी धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देव यांनी आयुष्य वेचले. १८९३ साली स्थापन झालेल्या सत्कार्योत्तेजक सभेच्या द्वारे त्यांनी मठोमठी हिंडून बाडे गोळा केली. कित्येक ठिकाणी ती बाडे कापडात बांधून देव्हाऱ्यात पूजेस ठेविलेली होती. पूजेमुळे ती वाचली हे खरे, परंतु ती उघडल्यामुळे समाजास मिळाली हेही तितकेच खरे.

एकोणिसाव्या शतकात स्त्रीशिक्षणाचा आरंभ झाला आणि मराठी स्त्री नव्या रीतीने लिहू लागली. सावित्रीबाई फुले यांचे ‘काव्यफुले’ १८५४ साली निघाले, ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिली आणि रमाबाई रानडे यांनी १९१० साली आपल्या आठवणी प्रसिद्ध केल्या. यांची भाषा आणि यांचा रोख संतकवयित्रींहून निराळा आहे. पण लग्न झालेल्या स्त्रीने आपली हकीकत आपण सांगावी, पतीचे गुण आणि पतीचा राग दोन्ही लिहावेत, ही वाट बहिणाबाईंनी दोन शतके आधी चालून दाखविली होती. मराठी साहित्यसंमेलनाच्या अध्यक्षपदी प्रथम एक स्त्री आली ती १९६१ साली ग्वाल्हेरीस, कुसुमावती देशपांडे यांच्या रूपाने. आणि २००१ साली इंदूरच्या संमेलनाचे अध्यक्षपद विजया राजाध्यक्ष यांनी भूषविले. इंदूरचे विद्यापीठ १९६४ साली स्थापन झाले आणि १९८८ पासून ते देवी अहिल्या विश्वविद्यालय या नावाने ओळखले जाते. घरी अक्षरे शिकलेल्या स्त्रीचे नाव आज सहस्रावधी मुलींच्या पदवीपत्रांवर उमटते, यात काळाचा मोठा न्याय आहे.

वर्धापनाच्या प्रसंगी पूर्वजांचे पुण्यस्मरण करण्याची आपली रीत आहे. त्या स्मरणात गादीवरील स्वामींबरोबर या स्त्रियांचेही नाव यावे. परंतु केवळ नाव घेऊन भागणार नाही. बहिणाबाईंचे सोसणे आणि त्यांची निष्ठा दोन्ही वाचली जावीत. वेणाबाईंचा मठाधिकार हा अपवादाचा चमत्कार न मानता संप्रदायाचा आचार मानला जावा. मठात पुढे बसलेल्या मुलीने पोथीवर प्रश्न विचारला, तर तिला समर्थांप्रमाणे उत्तर मिळावे. तुळशीपाशी भागवत वाचणाऱ्या त्या बालविधवेस ज्या परंपरेने ‘स्वामी’ केले, त्या परंपरेच्या अनुयायांस हे अवघड वाटण्याचे कारण नाही.